जुना ट्रॅक्टर घेताना : आधी मालकी बघा, मग लोखंड



गळीत हंगाम संपून पहिला पाऊस पडला की आमच्या गट ऑफिसात एक प्रश्न हमखास येतो. "साहेब, पुढच्या हंगामाला वाहतुकीचा करार करायचाय. नवा ट्रॅक्टर झेपत नाही. एक जुना बघितलाय, घेऊ का?"

आम्ही ऊस विकास खात्याची माणसे. बेणे कुठले घ्यावे, खोडव्याला खत केव्हा द्यावे, हे विचारले तर लगेच सांगू. इंजिन कसे आहे, हे आमच्यापेक्षा तुमच्या गावचा मिस्त्री चांगले सांगेल. पण जुन्या ट्रॅक्टरात एक दोष असा असतो की तो मिस्त्रीलाही दिसत नाही. तो म्हणजे मालकीचा दोष. बेणे वरून टवटवीत दिसते, पण गवताळ वाढीचा रोग कांडीतूनच येतो आणि खोडव्यात उघडा पडतो. तसेच हे आहे. सौद्याच्या दिवशी काही कळत नाही. कळते ते भर हंगामात. म्हणून या अंकात ऊस बाजूला ठेवून ट्रॅक्टरच्या मालकीचा पाठ घेत आहोत.

घडलेली गोष्ट

आपल्याच एका सभासदाची हकीकत आहे. नाव सांगत नाही, कारण माणूस कष्टाळू आहे आणि चूक कोणाकडूनही होऊ शकते. त्यांनी शेजारच्या तालुक्यातून दोन ट्रॉल्यांसह एक जुना ट्रॅक्टर साडेचार लाखांना घेतला. इंजिन ऐकले, हायड्रॉलिक उचलून पाहिले, टायर ठोकून पाहिले. कागद म्हणून आर.सी. बुकाची झेरॉक्स घेतली, तीही फक्त पुढच्या बाजूची. स्टॅम्पपेपरवर चार ओळी लिहिल्या, दोन साक्षीदारांच्या सह्या घेतल्या आणि सगळे पैसे रोख मोजले. विकणारा म्हणाला, "फायनान्सचे थोडे राहिलेत, ते मी दिवाळीपर्यंत भरतो. मग नावावर करून घेऊ." आपल्या माणसाने विश्वास ठेवला.

जानेवारीत फड चालू असताना फायनान्सवाले आले. हप्ते थकले होते. ट्रॅक्टर कर्जाच्या तारणात होता आणि तसे आर.सी.च्या मागच्या बाजूला छापलेलेच होते. ट्रॅक्टर गेला. तोडलेला ऊस फडात पडून राहिला. आम्ही दुसरे वाहन पाठवले, पण त्याला तिसरा दिवस उजाडला. तोडलेल्या उसाचे वजन आणि उतारा रोज घटतो, हे तुम्हाला सांगायला नको. टोळीला उचल दिलेली, ती बसून. शेवटी घरातले सोने गहाण ठेवून त्यांनी एक लाख नव्वद हजार फायनान्सकडे भरले, तेव्हा ट्रॅक्टर सुटला. विकणाऱ्याकडे गेले तर तो म्हणाला, "माझ्याकडे आता पैसे नाहीत." म्हणजे साडेचार लाखांचा ट्रॅक्टर सहा लाख चाळीस हजारांना पडला, आणि तरीही त्या दिवशी तो त्यांच्या नावावर नव्हता.

हे टळले असते का? टळले असते, आणि त्यासाठी फार तर आठवडाभराची धावपळ लागली असती.

मालक म्हणजे कोण?

"अहो, ट्रॅक्टर माझ्या दारात आहे, किल्ली माझ्या खुंटीला आहे, मग मालक मीच की!" असे आपण म्हणतो. विकणारा आणि तुम्ही यांच्या आपसातला सौदा त्याने पुरा होत असेल. पण मोटार वाहन कायदा १९८८ प्रमाणे मालक म्हणजे ज्याच्या नावावर वाहनाची नोंद आहे तो. दारातला बैल आणि दारातला ट्रॅक्टर यांत हाच फरक आहे.

याचे एक उदाहरण सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ सालच्या निकालात आहे. एक मोटार हातोहात तीन-चार जणांना विकली गेली, पण आर.टी.ओ.कडे नाव पहिल्याचेच राहिले. २००९ साली त्या गाडीने अपघात झाला. नुकसानभरपाई कोणी द्यायची? पहिला म्हणाला, मी तर केव्हाच विकली. न्यायालयाने सांगितले, नोंदीत ज्याचे नाव आहे तोच मालक आणि भरपाईची जबाबदारी त्याचीच. तेव्हा हा पाठ घेणाऱ्याइतकाच विकणाऱ्यालाही आहे.

दुसरा नियम त्याहून जुना, वस्तू विक्री कायदा १९३० मधला. विकणाऱ्याकडे जितका हक्क आहे, त्यापेक्षा जास्त हक्क तो साधारणपणे तुम्हाला देऊ शकत नाही. त्याचा हक्क बोजाखाली असेल तर तुमच्याकडेही बोजासकटच येणार. माल चोरीचा असेल तर तुम्ही पुरे पैसे मोजले तरी खरा मालक येऊन तो घेऊन जाऊ शकतो.

लपलेले पाच दोष

१) कर्जाचा बोजा. जमीन घेताना आपण सात-बारा पाहतो आणि इतर हक्कात बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा आहे का ते वाचतो. आर.सी. हा ट्रॅक्टरचा सात-बारा समजा. कर्ज देणाऱ्या बँकेचे किंवा फायनान्सचे नाव त्यावर लिहिलेले असते. बँकेच्या भाषेत त्याला नजरगहाण म्हणतात, बोलताना आपण एच.पी. म्हणतो. कर्ज फिटले तरी ही नोंद आपोआप जात नाही. बँकेचा ना हरकत दाखला आणि फॉर्म ३५ आर.टी.ओ.कडे दिल्यावरच ती कमी होते. म्हणून "कर्ज कधीच फिटलंय" हे तोंडी बोलणे पुरेसे नाही.

इथे एक युक्ती सांगतो. शक्य असेल तर विकणाऱ्याचा सात-बाराही पाहा. बँका ट्रॅक्टरच्या कर्जाला बहुधा जमिनीवरही बोजा चढवतात. आर.सी. कोरी दिसते आणि सात-बारावर मात्र ट्रॅक्टर कर्ज दिसते, असे आढळले तर थांबा आणि त्या बँकेत चौकशी करा.

२) मयताच्या नावावरचा ट्रॅक्टर. आर.सी. वडिलांच्या नावावर, वडील वारलेले, आणि थोरला मुलगा विकतोय. धाकटे भाऊ, बहिणी, आई यांना विचारले आहे का? उद्या एखादा वारस उभा राहिला तर भांडण तुमच्या अंगणात येईल. अशा वेळी आधी वारसाच्या नावावर नोंद व्हायला हवी. त्यासाठी फॉर्म ३१, मृत्यूचा दाखला आणि बाकीच्या वारसांची संमती लागते. वारसाने मृत्यूनंतर ३० दिवसांत आर.टी.ओ.ला कळवायचे असते आणि नाव न बदलता वाहन वापरायला तीन महिन्यांचीच मोकळीक आहे. घरातले आधी मिटू द्या, मग सौदा करा.

३) मधल्यामध्ये हात बदललेला. मूळ मालकाने एकाला विकला, त्याने दुसऱ्याला, आणि आता तिसरा तुम्हाला विकतोय. नाव पहिल्याचेच. मधल्याजवळ सह्या केलेले कोरे फॉर्म २९ आणि ३० असतात. दलाल सांगतो, "सह्या आहेत, काळजी नको." पण मूळ मालक परगावी गेला, वारला किंवा नाही म्हणाला, तर त्या सह्या काही कामाच्या राहत नाहीत. मूळ मालकाला समोर पाहिल्याशिवाय आणि त्याचे ओळखपत्र आर.सी.शी ताडून घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.

४) नंबर जुळत नाहीत. आर.सी.वरचा चासी नंबर आणि ट्रॅक्टरवर कोरलेला नंबर अक्षर न् अक्षर जुळला पाहिजे. माती-ग्रीस पुसून, कागद ठेवून वरून पेन्सिल घासा, छाप उमटते. घासलेला, पुन्हा ठोकलेला किंवा वेल्डिंग झालेला नंबर दिसला की सरळ घरी या. इंजिन नंबर वेगळा असेल तर विचारा. कधी इंजिन बदललेले असते, पण त्याचीही नोंद आर.टी.ओ.कडे व्हावी लागते. चोरीच्या वाहनांची देशभराची नोंद राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या 'वाहन समन्वय' या यादीत असते. शंका वाटली तर पोलीस ठाण्यात नंबर दाखवायला लाजू नका.

५) परराज्यातला आणि ओढून आणलेला. दुसऱ्या राज्यातला ट्रॅक्टर स्वस्त मिळतो म्हणून आपले लोक लांब जातात. तिथल्या आर.टी.ओ.चा ना हरकत दाखला, म्हणजे फॉर्म २८, हातात नसेल तर इथे नोंद होत नाही. हप्ते थकले म्हणून फायनान्सने ताब्यात घेतलेला ट्रॅक्टर विकायला असेल, तर फायनान्सने तो आधी आपल्या नावावर करून घेतला आहे का, किंवा मूळ मालकाच्या सह्या आहेत का, हे विचारा. त्या नोंदीसाठी फॉर्म ३६ आहे. नुसती लिलावाची पावती घेऊन येऊ नका.

याशिवाय आपल्या धंद्यातला एक खास दोष आहे. विकणारा ऊस वाहतूक करत असेल, तर त्याने दुसऱ्या कारखान्याकडून वाहतुकीची उचल घेतली आहे का आणि करारात हाच ट्रॅक्टर लिहून दिला आहे का, हे विचारून घ्या. तशी उचल बाकी असेल तर हंगामात तो कारखाना याच ट्रॅक्टरच्या मागावर येईल. आमच्या गट ऑफिसात सांगा, चौकशी करायला आम्ही मदत करू. आणि ट्रॉलीला विसरू नका. ट्रॉलीची नोंद वेगळी असते, म्हणून तिचे कागदही वेगळे तपासायचे.

घरबसल्या तपासणी

पूर्वी आर.टी.ओ.च्या दारात दिवस जायचा. आता परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर किंवा एम-परिवहन ॲपवर ट्रॅक्टरचा नंबर टाकला की बरीच माहिती दिसते. मालकाचे नाव (काही अक्षरे झाकलेली असतात), नोंदणीची मुदत, विम्याची मुदत ही त्यात असते. स्वतःला जमत नसेल तर शाळेत जाणाऱ्या मुलाला सांगा, पाच मिनिटांचे काम आहे. पण त्यावरच थांबू नका. मूळ आर.सी. दोन्ही बाजूंनी वाचा. "आर.सी. हरवली, दुय्यम काढली आहे" असे कोणी सांगितले तर जास्तच सावध व्हा. मूळ आर.सी. कधी कधी सावकाराकडे गहाण पडलेली असते.

नोंदणीची मुदतही पाहा. खाजगी वापराच्या वाहनाची पहिली नोंदणी १५ वर्षांची असते, पुढे नूतनीकरण करावे लागते. मुदत संपलेल्या ट्रॅक्टरचे नाव बदलायला गेलात तर आधी ते काम निघेल आणि खर्चही.

पैसे कसे मोजावे

आता मघाचाच सौदा पुन्हा मांडून पाहू. किंमत ४,५०,००० रुपये. खरेदीच्या दिवशी फायनान्सची बाकी १,६०,००० रुपये होती. ती न भरल्याने व्याज-दंड धरून जानेवारीत १,९०,००० झाली. पैसे असे मोजायला हवे होते :

पहिला टप्पा : विसार १०,००० रुपये. पावतीवर लिहून घ्यायचे, की बोजा निघाला नाही तर विसार परत.

दुसरा टप्पा : विकणाऱ्याला घेऊन फायनान्सच्या किंवा बँकेच्या ऑफिसात जायचे. "अमुक तारखेपर्यंत इतके भरल्यास खाते बंद होऊन ना हरकत दाखला मिळेल" असे लेखी घ्यायचे. हा शब्द फार महत्त्वाचा आहे. विकणाऱ्याचे त्याच बँकेत पीककर्ज थकलेले असेल, तर ट्रॅक्टरचे पैसे भरूनही बँक दाखला अडवून धरते, असे घडते. लेखी मिळाले की १,६०,००० रुपये विकणाऱ्याच्या हातात न देता थेट त्याच्या कर्जखात्यात भरायचे आणि पावती आपल्याजवळ ठेवायची.

तिसरा टप्पा : बेबाकी दाखला आणि सही-शिक्क्याचा फॉर्म ३५ हाती आला, फॉर्म २९ व ३० वर सह्या होऊन अर्ज दाखल झाला, की २,००,००० रुपये. तेही चेकने किंवा बँकेतून, म्हणजे पुरावा राहतो.

चौथा टप्पा : राहिलेले ८०,००० रुपये आर.सी. तुमच्या नावावर आल्यावर.

बेरीज करा, चार लाख पन्नास हजारच होतात. किंमत तीच, फक्त मोजण्याचा क्रम बदलला. "एवढा अविश्वास कशाला?" असे विकणारा म्हणेल. त्याला हसत सांगा, "पाव्हणं, अविश्वास नाही, ही आमच्या कारखान्याची पद्धत आहे." बोल आमच्यावर आला तरी चालेल.

सौद्यानंतरची मुदत

विकणाऱ्याने १४ दिवसांच्या आत आर.टी.ओ.ला विक्री कळवायची असते (वाहन आपल्याच राज्यातले असेल तर), आणि घेणाऱ्याने ३० दिवसांच्या आत नाव बदलून मागायचे असते. विम्यासाठी १४ दिवसांत अर्ज करायचा. अपघातात दुसऱ्याला झालेल्या इजेचा विमा वाहनाबरोबर पुढे जातो, पण तुमच्या स्वतःच्या ट्रॅक्टरच्या नुकसानीचा विमा तुमच्या नावावर झाल्याशिवाय मागता येत नाही. ट्रॅक्टर उसासकट कॅनॉलमध्ये पलटी झाला आणि विम्यावर जुन्या मालकाचे नाव असेल, तर विमा कंपनी हात वर करते.

तुम्ही जुना ट्रॅक्टर विकत असाल तर घेणाऱ्याच्या भरवशावर राहू नका. फॉर्म २९ स्वतः दाखल करा, पोच घ्या आणि ती जपून ठेवा. पुढे जाऊन नाव बदलले की नाही, याचीही खात्री करा. नाही तर ट्रॅक्टर त्याचा आणि अपघाताची नोटीस तुमच्या दारात, अशी गत होईल.

फसलो असू तर?

अजून पैसे द्यायचे राहिले असतील तर ते थांबवा. विकणाऱ्याला पोस्टाने लेखी कळवा. विक्रीचा हक्क नसताना विकले असेल तर दिलेले पैसे परत मागण्याचा हक्क तुम्हाला वस्तू विक्री कायदा देतो. दाव्याला साधारण तीन वर्षांची मुदत असते, म्हणून "बघू पुढच्या हंगामाला" करत बसू नका. बोजा लपवून किंवा खोटे कागद दाखवून फसवले असेल तर पोलिसांत तक्रार द्या. फायनान्सवाले आले तर त्यांच्याकडे थकबाकीचा लेखी हिशेब आणि ओळखपत्र मागा. गुंड पाठवून, दांडगाई करून वाहन ओढून नेणे चालणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००७ सालीच बजावले आहे. पण म्हणून कर्ज माफ होत नाही, हेही ध्यानात ठेवा. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर तालुका न्यायालयात विधी सेवा समिती आहे, तिथे विचारा. आपसात मिटण्यासारखे असेल तर लोकअदालतही आहे.

शेवटी एवढेच

खालची यादी कापून घ्या आणि सौद्याला जाताना खिशात ठेवा.

– मूळ आर.सी. दोन्ही बाजूंनी वाचली का? ट्रॉलीचीही?
– नावाचा माणूस समोर आहे का? मयत असेल तर वारसाची नोंद झाली का?
– चासी नंबरची पेन्सिल-छाप घेतली का?
– संकेतस्थळावर नंबर टाकून पाहिला का?
– बोजा असेल तर बँकेचे लेखी पत्र, बेबाकी दाखला, फॉर्म ३५?
– परराज्यातला असेल तर फॉर्म २८?
– दुसऱ्या कारखान्याची उचल बाकी आहे का?
– फॉर्म २९ आणि ३० आपल्यासमोर भरले का? कोरे तर नाहीत?
– नाव बदलेपर्यंत थोडे पैसे हातात राखले का?

वाहतुकीच्या कराराला आपण आर.सी.ची आणि विम्याची प्रत मागतो, तेव्हा काही सभासदांना वाटते की ऑफिसवाले उगाच अडवतात. वर सांगितलेली हकीकत आठवा. त्या जानेवारीत ऊस फडात वाळत होता, तेव्हा तो सभासद बांधावर बसून आम्हाला म्हणाला, "साहेब, टायर चारही बघितले हो, पण कागद उलटून नाही बघितला." सौद्याच्या दिवशी कागद उलटा. शंका आली तर गट ऑफिसात घेऊन या. चहा आम्ही पाजू आणि कागद आपण मिळून वाचू.

कळावे.

आपला,
ऊस विकास अधिकारी